बँडमध्ये पाणी भरायला जाण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. "काकू, ऑपरेशन फेल गेलं. पुन्हा पहिल्यासारखी भूक लागते. गुरुवारी डॉक्टरांना सांगणार आहे, एकदाच काय तो फुल टाइट करून टाका." तुझी आई म्हणाली, दोन दिवस झाले, घरात कुणाशी धड बोलत नाहीस.

फेल काहीही गेलेलं नाही. सुरुवातीला भूक नव्हती, कारण वजन उतरवायला तुझ्या पोटाभोवती जो बँड, म्हणजे पट्टा बसवला, त्याच्या आसपास सूज होती. आता पाचव्या आठवड्यात सूज उतरली आहे आणि बँड अजून रिकामा आहे. तो मुद्दामच रिकामा किंवा जवळजवळ रिकामा ठेवतात. आधी तो पोटाच्या वरच्या भागाभोवती जागच्या जागी धरला पाहिजे, म्हणून त्याला घट्ट करणारं पहिलं पाणी चार ते सहा आठवड्यांनी भरतात. या दिवसांत दाबून खाल्लंस आणि उलट्या झाल्या, तर बँड सरकू शकतो. हे मधले दिवस सगळ्यांनाच जड जातात, तुला एकट्याला नाही. भूक लागली म्हणून स्वतःला दोष देत बसू नकोस.

पण "फुल टाइट" हे शब्द वाचून मला राग आला, तो लपवत नाही. बँड किती घट्ट हवा, हे ठरवायला एकच प्रश्न आहे: एका जेवणानंतर दुसऱ्या जेवणापर्यंत भूक लागते का? लागत नसेल, आणि वाटीभर घन अन्न नीट उतरत असेल, तर बँड बरोबर आहे. मग काट्यावर आकडा काहीही असो, चुलतभावाचं लग्न कितीही जवळ आलेलं असो.

गुरुवारी काय होईल ते सांगते, म्हणजे तिथे गेल्यावर घाबरायला नको. तुला आडवं झोपवतील आणि डोकं किंवा पाय थोडे उचलायला सांगतील. पोटाचे स्नायू ताठ झाले की कातडीखालचं पोर्ट, म्हणजे बँडमध्ये पाणी भरायची छोटी डबी, बोटांना नीट लागतं. मग जागा पुसून एक खास सुई घालतात. पोर्टच्या सिलिकॉनला तिने भोक राहत नाही. चिमटा बसल्यासारखं वाटतं, त्याहून जास्त नाही. थोडं सलाईन, म्हणजे आपण म्हणतो ते पाणी, आत सोडलं की ते नळीतून बँडच्या आतल्या फुग्यात जातं आणि वाट जराशी अरुंद होते. हे सगळं मिलिलिटरच्या हिशोबात चालतं. काही बँडमध्ये एकूण चार मिलि मावतं, काहींत दहाच्या वर. म्हणून अर्ध्या मिलिनेही फरक पडतो, आणि म्हणूनच थोडं-थोडं, काही आठवडे मध्ये ठेवून भरतात. तुझा आकडा तुझ्या मित्राच्या आकड्याशी ताडून बघू नकोस.

सुई निघाली की उठून बस आणि तिथेच पाणी पी. घाईत उभ्या उभ्या दोन घोट नको, ग्लासभर, सावकाश पी. पाणी छातीत साचल्यासारखं वाटलं किंवा वर आलं, तर तिथल्या तिथे बँडमधलं थोडं पाणी काढून घ्यायला सांग. बाहेर रांग आहे, डॉक्टर घाईत आहेत, मला संकोच वाटला, असलं काही मी ऐकणार नाही. पाणी प्यायल्याशिवाय तिथून हलायचं नाही. त्यानंतर एक-दोन दिवस पातळ, मग मऊ, मग नेहमीचं.

माझ्या स्वतःच्या बँडचं सांगते. मी जिथे जात होते, तिथे आधी वजनकाटा बघत. वजन अडलं की पाणी भरत. भूक लागते का, हा प्रश्न मला तिथे कुणी विचारला नाही. बँड इतका घट्ट झाला की पोळीचा घास उतरेना, पण शिकंजी उतरायची, रबडी उतरायची, आइस्क्रीम तर विचारूच नको. आपल्या इंदूरची शिकंजी म्हणजे आटवलेलं दूधच, लिंबाचं सरबत थोडंच आहे! घट्ट बँडचा हा खरा धोका आहे. चांगलं घन अन्न अडतं आणि गोड, पातळ, तूपट ते सगळं सरकून जातं. माणूस उपाशी राहतो आणि वजनही उतरत नाही. रात्री आडवी झाले की खोकल्याची उबळ यायची, आंबट पाणी घशाशी यायचं. उशांवर उशा रचून बसून झोपायचे. आणि रामबागेतल्या गणपतीत प्रत्येक जण म्हणायचा, किती छान बारीक झालीस!

त्या वर्षी आईबरोबर पंगतीत बसून एकही जेवण पूर्ण झालं नाही. दोन घासांनंतर उठून न्हाणीघरात जावं लागे. पुढच्या वर्षी आई नव्हती. याची भरपाई कशानेच होत नाही, म्हणून तुला इतकं कळकळीने लिहिते आहे.

शेवटी मी हट्टाने पाणी काढून घेतलं. घरचे म्हणाले, पुन्हा जाडी होशील, एवढा खर्च पाण्यात घातलास. थोडं वजन वाढलं, हो. पण आज मी पोळी-भाजी खाते, उसळ खाते, रात्री आडवी झोपते, आणि दोन जेवणांच्या मधे मला भूक लागत नाही. मी बरोबर केलं. आणखी वजन उतरवता आलं असतं असं अजूनही काही जण सुनावतात. त्यांना म्हणते, माझ्याबरोबर जेवायला बसा आणि मग बोला.

"आता बँड कोण बसवतं, स्लीव्हच करायची होतीस," असंही तुला ऐकावं लागेल. बँड पूर्वीइतका बसवत नाहीत, हे खरं आहे. स्लीव्हच्या ऑपरेशनमध्ये वजन जास्त उतरतं, हेही खरं. पण स्लीव्हमध्ये पोटाचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग कापून काढतात, तो परत येत नाही. बँडमधलं पाणी कमी-जास्त करता येतं, आणि गरज पडली तर बँडही काढता येतो. ही सोय आपण घेतली आहे, तर ती वापरायची. पाणी भरून घेणं आणि काढून घेणं, दोन्ही उपचारच आहेत. पाणी काढायला सांगताना तुला लाज वाटता कामा नये.

खाण्याचं थोडक्यात. घास नखाएवढा, चावून पार लगदा होईपर्यंत. मग चमचा खाली ठेव आणि मिनिटभर थांब, तेवढा वेळ एक घास उतरायला लागू शकतो. वीस मिनिटांत जेवण आटप. जेवताना पाणी नको, नंतरही अर्धा-पाऊण तास नको, सोडा-कोल्ड्रिंक तर नकोच. आधी पनीर, अंडं, मऊ शिजवलेली मटकी, त्यानंतर बाकीचं. गरम मऊ पोळी आणि पाव यांचा आत गोळा होऊन अडतो, त्यापेक्षा कडक भाजलेलं बरं. शेवग्याच्या शेंगा आणि मोकळा कोरडा भात सध्या सोड. मित्र रात्री सराफ्यात खायला नेतील, जा की! जिरावण मसाला भुरभुरलेला भुट्ट्याचा (मक्याचा) कीस दोन-चार चमचे, पोर्शन मित्राबरोबर वाटून, सावकाश खा. गराडू, तो तळलेला कंद, मात्र या थंडीत नको. अडलाच एखादा घास, तर वरून पाणी ओतू नकोस. उभा राहा, थोडा चाल, उतरू दे.

स्वतःची थुंकीही गिळवत नसेल, पाणी उतरत नसेल, पोटात एकदम जोरात दुखायला लागलं, किंवा ताप येऊन पोर्टची जागा लाल झाली, तर सकाळची वाट बघू नकोस, त्याच वेळी हॉस्पिटल गाठ. रात्रीचा खोकला आणि रोजची उलटी "सवय होईल" म्हणून काढायची नसते. उलट्या लांबल्या तर शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने संपतं आणि त्याचा मार नसांवर आणि मेंदूवर बसतो. डॉक्टरांना उलट्यांबद्दल स्पष्ट सांग.

आता गुरुवारपर्यंत एक वही कर. काय खाल्लं, घास अडला का, आणि पुन्हा भूक कधी लागली, एवढंच लिही. वजन लिहू नकोस. डॉक्टरांसमोर "टाइट करा" हे शब्द काढू नकोस, वही उघडून दाखव आणि सांग, "मला जेवल्यानंतर इतक्या तासांनी भूक लागते." किती भरायचं ते त्यांना त्यावरून ठरवू दे. आणि त्यांनी वहीकडे न बघताच सिरिंज हातात घेतली, तर मला तिथूनच फोन लाव. मी सुदामानगरातून रिक्षा करून येते.

तुझी काकू