भरलेलीच परत येणारी बाटली

प्रश्न : मी आणि माझे यजमान नऊ वर्षांपासून परदेशात राहतो. आई-बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत. आई ६७ वर्षांची आहे. यजमानांनी रजा टाकून, महिनाभर आधी सगळी आरक्षणे करून चार दिवसांची सहल आखली. पण आईने तिचा विचका केला. रोज निघण्याच्या वेळी ती दोनदा बाथरूमला जाणार आणि आम्हाला उशीर होणार. यजमानांना ठरल्या वेळी पोहोचायला आवडते, म्हणून आम्ही तीन-साडेतीन तास सलग गाडी चालवतो. पोहोचल्यावर मात्र ‘तुम्ही पाहून या, मी गाडीतच बसते’ हे तिचे पालुपद. पाण्याची बाटली भरून दिली तरी भरलेलीच परत येते, आणि दुपारी डोके दुखते म्हणून डोळे मिटून बसते. यजमान काही बोलले नाहीत, पण ते दुखावले आहेत. पुढच्या महिन्यात सहा दिवसांची सहल ठरली आहे. ती रद्द करावी, की आईला स्पष्ट शब्दांत समज द्यावी?

उत्तर : तुमच्या पत्रात पाण्याच्या बाटलीवर जेमतेम एक वाक्य आहे आणि मी त्या वाक्यापाशीच थांबले आहे. घशाला कोरड पडलेली असताना मांडीवरची भरलेली बाटली जी बाई दिवसभर तोंडाला लावत नाही, ती रुसलेली नाही, घाबरलेली आहे. निघण्यापूर्वी दोनदा बाथरूमला जाणे, पाणी टाळणे आणि पोहोचल्यावर गाडीतून न उतरणे या तुम्ही तीन निरनिराळ्या तक्रारी म्हणून लिहिल्या आहेत. त्या एका दमात वाचून पाहा.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी डॉक्टरही नाही. तरीही बाळंतपणे झालेल्या आणि पाळी जाऊन काही वर्षे लोटलेल्या अनेक स्त्रियांच्या ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, आणि मग खोकताना, हसताना, जिना चढताना थोडी लघवी होते किंवा एकदा लागली की धरवत नाही, हे कोणतीही स्त्रीरोगतज्ज्ञ तुम्हाला सांगेल. आपल्याकडे हा विषय आई लेकीजवळसुद्धा काढत नाही. असे असताना जावई गाडी चालवत असेल तर मागच्या सीटवरून ‘जरा थांबवता का?’ असे त्या म्हणतील, ही अपेक्षा तुम्ही कशाच्या आधारावर धरलीत? त्यातून देश परका. पाटीवरची भाषा वाचता येत नाही, काही ठिकाणी दारात नाणे टाकावे लागते आणि ते नाणे जावयाच्या खिशात असते. आत गेल्यावर पाणी नाही, नुसता कागद. हे सगळे चारचौघांत बोलून दाखवण्यापेक्षा तहान सोसणे त्यांना सोपे वाटले, आणि चार दिवस त्यांनी ते निमूटपणे सोसले.

पाणी तोडल्याने त्रास कमी होत नाही, उलट वाढतो. लघवी दाट झाली की मूत्राशयाची जळजळ होते, घाई आणखी होते आणि संसर्गाची शक्यताही वाढते. उतारवयात तहानेची जाणीव मुळातच बोथट झालेली असते. रक्तदाबावरच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, आणि अशी गोळी घेऊन पाणी न पिणाऱ्या माणसाला चक्कर येऊ शकते. दुपारच्या डोकेदुखीमागेही बहुधा हेच असावे. त्यांना अशी गोळी सुरू असेल, तर प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी हे त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. वेळ मनाने बदलू नका.

तुमचे यजमान दुखावले आहेत, त्यावर मी फुंकर घालणार नाही. त्यांनी मनापासून आखणी केली हे मान्य. परंतु साडेतीन तास न थांबता गाडी चालवणे त्यांच्याही हिताचे नाही. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत चालकाने दर दोन तासांनी किमान १५ मिनिटे थांबावे असा सल्ला दिलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चार तास किंवा त्याहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे आढळले. एरवी हा धोका लहानच असतो, पण ६७ वर्षांच्या, पाणी न पिणाऱ्या, जागचे न हलणाऱ्या माणसाच्या बाबतीत मी तो पत्करणार नाही.

सहल रद्द करू नका. रद्द केलीत, तर ‘माझ्यामुळे पोरांची सुट्टी वाया गेली’ हे ओझे घेऊन त्या परत जातील आणि पुन्हा कधी येणार नाहीत. आणि समज देण्याचा विचार तर मनातून काढूनच टाका. तो वाचून मला तुमचा फार राग आला. आईंना ‘जायचे आहे का?’ असे विचारूही नका, कारण उत्तर ‘नको’ असेच येणार. दीड तास झाला की, गरज असो वा नसो, यजमानांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘मला जायचे आहे, गाडी थांबवा’ असे तुम्ही म्हणा. प्रत्येक वेळी तुम्हीच म्हणा, सहाही दिवस. कुठे थांबायचे हे आदल्या रात्री नकाशावर पाहून ठेवा. आईंच्या पिशवीत, आत पाणी भरून नेता यावे म्हणून, निमुळत्या तोंडाची एक छोटी रिकामी बाटली, सुटी नाणी आणि जास्तीचे कपडे आधीच घालून ठेवा, आणि ते का ठेवले हे समजावत बसू नका.

निघण्यापूर्वीच्या एखाद्या दुपारी, बाबा आणि यजमान घरात नसताना, आधी स्वतःविषयी बोला. तुम्हालाही असे कधी झाले असेल तर ते सांगा. आई बोलत्या झाल्या तर त्यांना डॉक्टरांकडे न्या. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठीचे व्यायाम अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली मांडले आणि आजही उपचाराची सुरुवात बहुधा या व्यायामांनीच होते; गुण यायला साधारण तीन महिने लागतात, म्हणून पुढच्या सहलीला त्यांचा उपयोग होणार नाही. त्या सहलीत आईंना तुमचाच आधार आहे.

गाडी थांबली की आधी तुम्ही उतरा. त्या तुमच्या पाठोपाठ येतील.