'फ्रान्चेस्को' या इटालियन नावाचा अर्थ काय? मुलाचं हे नाव ठेवावं का?

तुमचे यजमान इटालियन, घरात पहिलं बाळ येणार आणि मुलगा झाला तर आजोबांचं 'फ्रान्चेस्को' हे नाव ठेवावं अशी सासरच्यांची इच्छा. तुम्ही शोधलंत तर अर्थ निघाला 'फ्रेंच माणूस', आणि तुमचा विरस झाला. मी दोन वर्षं मध्य इटलीतल्या पेरुजा शहरात राहिलोय. संत फ्रान्चेस्कोचं असिसी तिथून रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासावर, त्यामुळे या नावाशी माझी चांगली ओळख आहे. मला विचाराल तर खुशाल ठेवा.

अर्थ तुम्हाला बरोबरच सापडला, फक्त त्यामागची गोष्ट सापडली नाही. असिसीत पिएत्रो दी बेर्नार्दोने नावाचा कापडाचा व्यापारी होता, धंद्यासाठी फ्रान्सला जाऊन-येऊन असायचा. ११८१-८२च्या सुमारास तो असाच बाहेर असताना बायको बाळंत झाली आणि बाळाचा, म्हणजे पुढच्या या संताचा, बाप्तिस्मा 'जोव्हान्नी' या नावाने झाला. परत आल्यावर बापाने त्याला 'फ्रान्चेस्को' म्हणायला सुरुवात केली. ज्या देशाने घरात पैसा आणला त्या देशाचं नाव, थोडक्यात लाडाचं टोपणनाव. त्याआधी हे नाव क्वचितच कुणाचं असायचं.

असिसीत या संताची दुमजली बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च आहे. तिच्या वरच्या मजल्यावरच्या चर्चमध्ये चित्रकार जॉत्तोची म्हणून ओळखली जाणारी २८ भित्तिचित्रं आहेत. त्यातल्या एकासमोर मी दर वेळी थांबायचो. बापाच्या संपत्तीवर पाणी सोडून तरुण फ्रान्चेस्कोने अंगावरचे कपडे उतरवून भर चौकात बापाला परत दिलेत. बिशप आपल्या झग्याने त्याला झाकतोय. बापाच्या हातावर ते कपडे लोंबताहेत, चेहरा रागाने ताठ, आणि मागून कुणीतरी त्याचा हात धरून ठेवलाय. मुलाने बापाचं सगळं परत केलं, पण बापाने दिलेलं नाव मात्र जन्मभर वागवलं. १२२६ मध्ये तो गेला, दोनच वर्षांत संत म्हणून घोषित झाला, आणि त्याचे भिक्षू जिथे जिथे गेले तिथे हे नावही पोचलं. १३०४ साली जन्मलेल्या कवी पेत्रार्काचं नाव फ्रान्चेस्कोच. पुढे दक्षिण इटलीच्या कॅलाब्रिया प्रांतातल्या पाओला गावी दुसरा मोठा संत झाला, त्याचंही नाव हेच. म्हणून दक्षिणेत, विशेषतः कॅलाब्रियात, घरटी एक फ्रान्चेस्को सापडेल.

आता 'फ्रेंच' या शब्दाच्या मुळाशी जा. तो फ्रँक नावाच्या टोळीवरून आला. त्याच फ्रँकचं अरबी-फारसीतून फिरत आलेलं रूप म्हणजे आपलं 'फिरंगी'! मराठ्यांची सरळ पात्याची 'फिरंग' तलवारही त्याच घरातली. म्हणजे हा शब्द तुमच्या माहेरी आधीच पोचलेला आहे. गोंयच्या सायबाचं, फ्रान्सिस झेवियरचं, नावही याच मुळाचं, आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो तर २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. हे नाव मराठीला परकं नाही.

लोकप्रियतेचं म्हणाल, तर या शतकाच्या सुरुवातीपासून २०१७ पर्यंत इटलीत नवजात मुलग्यांमध्ये हेच नाव बहुतेक अव्वल असायचं. २०१८ मध्ये लेओनार्दो पुढे गेला. तरी फ्रान्चेस्को अजून वरच्या नावांत टिकून आहे. त्यामुळे जुनाट वाटेल ही भीती नको. उलट वर्गात आणखी एक-दोन फ्रान्चेस्को असतील याची तयारी ठेवा. २०१३ मध्ये बेर्गोल्यो पोप झाले आणि त्यांनी असिसीच्या संताचं नाव घेतलं. त्याआधी या नावाचा एकही पोप झाला नव्हता.

उच्चार मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळा. 'फ्रान्सेस्को' नाही, फ्रान्-चे-स्को. च चहातला, चमच्यातला नाही. जोर 'चे'वर. तुमच्या आईला एकदा म्हणून दाखवलंत की जमेल, आपल्या जिभेला यात काहीच अवघड नाही.

कायद्याचंही सांगून ठेवतो. इटलीत हयात वडिलांचं नाव मुलाला देता येत नाही. आजोबांचं देता येतं, आणि दक्षिणेत तर पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायची जुनी रीतच आहे. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसंच. म्हणून सासरचे हट्ट करताहेत असं मनात आणू नका.

रोजच्या हाकेला एवढं लांब नाव कुणी वापरत नाही. फ्रा, चेक्को, किक्को, दक्षिणेत चिच्चो. माझ्या घरमालकीणबाई संध्याकाळी खिडकीतून नातवाला 'चिच्चोऽ' म्हणून हाक मारायच्या आणि खालच्या अंगणातून दोन मुलं एकदम वर बघायची. ४ ऑक्टोबरला, संताच्या दिवशी, त्याच बाई नातवासाठी केक आणायच्या. तुमच्या घरी त्या दिवशी आजोबा आणि नातू दोघांचाही नामदिन, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा सण असेल.