वाचकांचे प्रश्न : टूलचे कंपन आधी ओळखता येते का?

प्रश्न : आमच्या व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या मशीनिंग सेंटरवर) 16 मिमी व्यासाच्या, चार फ्लूटच्या (म्हणजे चार दातांच्या) कार्बाइड एंड मिलने, म्हणजे फिरत्या कापणाऱ्या टूलने, ॲल्युमिनियममध्ये खोल पॉकेट (खोलगट खाच) काढतो. टूल ओरडू लागले म्हणून स्पिंडलचे फेरे मिनिटाला 6500 वरून 5500 केले, तरीही आवाज वाढलाच. हे जॉब लावण्यापूर्वी कळू शकते का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : बऱ्याच अंशी कळू शकते. फेरे कमी केले की चॅटर, म्हणजे कापताना आपोआप वाढणारे कंपन, थांबतो, ही समजूत कारखान्यांत पक्की रुजली असली तरी ती नेहमी खरी ठरत नाही. कंप पावणारा दात कापलेल्या पृष्ठभागावर लाटा सोडून जातो आणि पुढचा दात त्याच लाटा कापतो. दोन्ही दातांच्या लाटा जुळल्या नाहीत तर चिपची जाडी, आणि तिच्यासोबत बलही, सतत बदलते व कंपन स्वतःच वाढत जाते. टोबायस आणि त्लुस्ती या संशोधकांनी 1950-60च्या दशकांत ही उपपत्ती मांडली, तर मिलिंगसाठी सोयीचे गणित अल्टिंतास आणि बुदाक यांनी 1995 मध्ये दिले.

कंपन आधी ओळखण्यासाठी टूल होल्डरसह (टूल धरणाऱ्या भागासह) स्पिंडलमध्ये बसवून टोकाशी ॲक्सिलरोमीटर (कंपन मोजणारा संवेदक) लावतात आणि बलमापक असलेल्या हातोडीने हलका ठोका देतात. त्यातून टूलची नैसर्गिक वारंवारता, कडकपणा आणि अवमंदन (कंपन शमवण्याची क्षमता) मिळते. त्यांच्या आधारे कोणत्या फेऱ्यांना किती डेप्थ ऑफ कट (कापाची खोली) सुरक्षित, याचा आलेख काढता येतो. समजा, वारंवारता 1000 हर्ट्झ आली. 5500 फेऱ्यांना चार दात सेकंदाला सुमारे 367 वेळा कापतात, म्हणजे दोन दातांमध्ये सुमारे 2.7 लाटा बसतात, आणि हा अपूर्णांकच घातक ठरतो. 7500 फेऱ्यांना नेमक्या दोन लाटा बसतात, त्यामुळे तेथे अधिक खोल कापता येण्याची शक्यता असते. तुमच्या टूलची वारंवारता मात्र मोजूनच घ्यावी.

फेऱ्यांइतकाच ओव्हरहँगही, म्हणजे होल्डरबाहेर आलेली टूलची लांबी, पाहावा, किंबहुना मी आधी तोच पाहीन. तो 25 टक्क्यांनी वाढला तर टूलचा स्वतःचा कडकपणा जवळजवळ निम्मा होतो. ओव्हरहँग किंवा होल्डर बदलल्यावर जुना आलेख लागू पडत नाही, ठोका चाचणी पुन्हा करावी लागते. आणि पॉकेटची भिंत पातळ असेल तर टूलऐवजी भिंतच थरथरते, तेव्हा मोजणी जॉबवर करावी.