भट्टीखाली सागवानी टेबल चालंल का?

प्रश्न : ताई, लातूरला घरामागच्या शेडमधे मातीकामाची छोटी इलेक्ट्रिक भट्टी बसवायलोय, जुना सागवानी टेबल मजबूत आहे, त्यावर ठेवू का?

उत्तर : अजिबात नको! आत १००० डिग्रीच्या वर तापतं, खालून पण धग लागते, लाकूड हळूहळू करपतं न् कधीतरी पेट घेतं. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्या, वर पट्ट्या जवळजवळ मारायला सांगा म्हणजे बूड सगळीकडून टेकंल आणि खालून हवा पण खेळंल, वजन धरताना आत भांडी मांडायच्या फरशा न् भांडी पण धरा. चाकं नकोच, कितीही सोयीची वाटली तरी. भिंतीपासून दीड फूट सोडा, पाय डुगडुगला तर लोखंडी पट्टी सारा. आणि शेडमधला कडबा आधी हलवा हो!