मुलगा असून नर्सिंगला कशाला?

अरे बाळा,

तुझा मेसेज काल रात्रीच पाहिला पण नाइट होती म्हणून आत्ता लिहितेय. नातेवाईक विचारतात मुलगा असून नर्सिंग कशाला आणि तुला उत्तर सुचत नाही, वर म्हणतोस हिस्टरी ऑफ नर्सिंग म्हणजे नुसती घोकंपट्टी! अरे, उत्तर त्याच पेपरात आहे की.

नाइटिंगेलबाईंनी 1860 ला लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात शाळा काढली ती फक्त बायकांसाठी. चांगल्या घरातली मुलगी परक्या पुरुषांची सेवा करून कमावते हेच तेव्हा कुणाच्या पचनी पडेना, म्हणून मग होस्टेल, शिस्त, चारित्र्य यावर एवढा भर. तो आमच्यापर्यंत पुरला, कॅपची घडी बिघडली म्हणून अख्ख्या वॉर्डसमोर बोलणी खाल्लीत मी, पेशंटचं बीपी किती हे नंतर विचारलं. शिकाऊ मुली म्हणजे हॉस्पिटलला स्वस्तातले हात, शिकवणं राहिलं बाजूला, अमेरिकेत नर्सिंगच्या शिक्षणावरच्या 1923 च्या गोल्डमार्क रिपोर्टने हेच दुखणं मांडलं.

आता तुझं. अमेरिकेत जो होगन नावाचा एक नर्स, हो पुरुषच, हॉस्पिटलात सुपरवायझर होता, त्याला डिग्री करायची होती. मिसिसिपीच्या सरकारी कॉलेजने पुरुष म्हणून ॲडमिशन दिली नाही, गडी तिथल्या सुप्रीम कोर्टात जाऊन 1982 ला जिंकला. निकाल लिहिला तिथल्या पहिल्या महिला न्यायाधीश सँड्रा डे ओ'कॉनर यांनी. पुरुषांना बाहेर ठेवलं की नर्सिंग म्हणजे बायकांचंच काम हा समज आणखी पक्का होतो, असं त्यांचं म्हणणं. हे सांग काकांना.

आणि वर्गात कोण बसतं, पेशंट कोण येतो, यावर पुस्तकही बदलतं बरं का. बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, त्याची पहिली खूण म्हणजे लाली, असं आम्ही पाठ केलेलं, फोटो सगळे गोऱ्या कातडीचे. सावळ्या पाठीवर ती लाली सहज दिसतच नाही मुळी! तिथे हाताने बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, कडक किंवा लिबलिबीत झालंय का, आणि दुखतंय का ते पेशंटलाच विचारायचं. सायनोसिसचंही, म्हणजे ऑक्सिजन कमी पडून कातडी निळसर होते त्याचंही तेच, ओठांची आतली बाजू बघ, हिरड्या बघ. मला हे नोकरीत चुका करत कळलं, तुमच्या सिलॅबसमध्ये आलंय तर निदान वाच तरी.

सोमवारी राउंडच्या अर्धा तास आधी ये. एका आजोबांची कूस बदलायचीय, तेव्हा तुझा हात लावून दाखवते.