पुरासाठी जोतं उंच, मग गुडघ्यांचं काय?

प्रश्न : सांगलीतलं जुनं घर पाडून आम्ही नवीन बांधतोय. मी ६१ वर्षांचा, सौ. ५८ची, तिचे गुडघे आत्ताच कुरकुरतात. २०१९च्या पुरात घरात पाणी शिरलं, म्हणून जोतं ३ फूट घेतोय. कंत्राटदार म्हणतो, बेडरूम वर घ्या. आईला दारात उंबरठा हवाच आहे. पुढे हे घर आम्हाला जड जाईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बेडरूम खालीच घ्या. पूर कधीतरी येतो, जिना रोज चढावा लागेल. वर एक खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम असू द्या, म्हणजे पाणी वाढायची बातमी आली की सामान वर हलवता येईल. जिन्याची पायरी ६ इंचांहून उंच नको, पाऊल ठेवायला ११ इंच तरी हवेत आणि कठडा दोन्ही बाजूंना.

खरी अडचण जोत्याची आहे. व्हीलचेअरच्या रॅम्पला १ फूट चढायला १२ फूट लांबी लागते. म्हणजे तुमच्या ३ फुटांना ३६ फूट, शिवाय वळणावर ५ फुटांचा सपाट टप्पा. ‘पंधरा फुटांत बसवतो’ म्हणणारा कंत्राटदार भेटेलच. त्या उतारावर खुर्ची चढवताना ढकलणाऱ्याचा दम निघतो आणि उतरताना ती आवरत नाही. रॅम्प समोरून न काढता घराच्या बाजूने वळवून आणा, रुंदी ४ फूट, वर खडबडीत शहाबादी फरशी. पॉलिश ग्रॅनाइट पावसात घात करतो. बाजूच्या मोकळ्या जागेत रॅम्प चालतो का, ते महापालिकेत आधी विचारा. आत्ता पैसे नसतील तर नंतर बांधा, पण तिथे बोअर किंवा पाण्याची टाकी घेऊ नका.

आईंचा उंबरठा ठेवा की! वेगळ्या रंगाच्या दगडाची पट्टी फरशीच्या पातळीत बसवायची. हळदीकुंकू त्यावरही वाहता येतं. उंचवटा हवाच असेल तर अर्धा इंच, कडा उतरत्या. बाथरूमला मात्र उंबरा नकोच; पाणी अडवायला ढाळ जाळीकडे नीट काढला की पुरे. तिथलं दार ३ फुटी आणि बाहेर उघडणारं घ्या. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं. कडीही बाहेरून उघडता येईल अशी.

आणि एक गोष्ट, जी गिलाव्याआधीच करावी लागते. कमोडशेजारी आणि शॉवरखाली धरायला दांडे लागतील. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा स्क्रू माणसाचं वजन पेलत नाही, म्हणून तेवढ्या पट्ट्यात भरीव विटा किंवा काँक्रीट घालायला गवंड्याला सांगा. टाइल्स लागण्याआधी तिथे टेप धरून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दांडे दहा वर्षांनी लावलेत तरी ड्रिल कुठे मारायचं, ते कळेल.