चाकं रुंद केली, पत्रा कापला. आता पासिंगचं काय?

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९६७ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची जुनी ब्रिटिश मोटार आहे. गेल्या वर्षी नाशिकमध्येच, अंबडच्या एका गॅरेजमध्ये मूळची १४ इंची, ४ इंच रुंद पोलादी चाकं काढून १५ इंची, ६ इंच रुंद अलॉय आणि १९५/६० चे टायर बसवले. मागे टायर घासायला लागले, तेव्हा त्यांनी मडगार्डची आतली कड कापली आणि बाहेरून फायबरची कमान चिकटवून रंग मारला. एकूण १ लाख ६५ हजार रुपये दिले. तरीही दोघं बसलो आणि गतिरोधक आला, की डावा मागचा टायर घासतो. एका टायरची तर बाजूच चिरली. गंगापूर रोडवर ‘वाहनात बदल’ म्हणून चलान झालं. तीन महिन्यांत आरसीची मुदत संपतेय आणि गॅरेजवाला फोन उचलत नाही. काम त्यानं केलं, मग दंड मला का? पासिंग होईल का?

उत्तर : तुम्ही विचारलं नाहीत, पण आधी आरसीवर नाव कुणाचं ते बघा. गाडी वडिलांची, एवढंच तुम्ही लिहिलंय. वडील हयात नसतील आणि आरसी अजून त्यांच्याच नावावर असेल, तर वारस म्हणून फॉर्म ३१ भरून गाडी तुमच्या नावावर व्हायला हवी. पेठ रोडच्या आरटीओत बाकी कशाहीआधी तुम्हाला हेच विचारतील.

आता दंड तुम्हाला का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मालकाशी बोलतं, मेकॅनिकशी नाही. उत्पादकानं दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकानं करायचा नाही, असं ते सांगतं. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ(४) मधली शिक्षाही मालकालाच आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. गॅरेजवाल्यानं केलं, हा बचाव इथे चालत नाही. त्याच्याकडून पैसे वसूल करणं हा वेगळा मामला, त्यावर पुढे येतो.

तरी ‘बदल’ म्हणजे काय हे कलम ५२ मध्येच सांगितलंय : गाडीच्या रचनेतला असा फरक, ज्यानं तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं के. जयचंद्र प्रकरणात यावर कडक भूमिका घेतली आणि आरसीत नोंदवण्यासाठी उत्पादकानं दिलेले तपशील बदलता येणार नाहीत, असं म्हटलं. आता गंमत बघा. टायरचा आकार नोंदवण्याचा रकाना आरसीच्या नमुन्यात आहे, पण तो मालवाहू-प्रवासी वाहनांच्या जादा माहितीत. खासगी मोटारीच्या आरसीत रंग, बॉडीचा प्रकार, चासी आणि इंजिन नंबर, वजन, व्हीलबेस असं सगळं असतं, टायर नसतो. त्यामुळे प्रश्न नुसत्या रिम-टायरचा असता, तर मी तुमच्या बाजूनं हिरिरीनं भांडलो असतो. तुमच्या १९५/६०-१५ टायरची एकूण उंची सुमारे ६१५ मिलिमीटर भरते, जुन्या १६५-१४ रेडियल टायरच्या अगदी जवळ. म्हणजे स्पीडोमीटर खोटा बोलतो, असंही कुणी म्हणू शकत नाही.

तुमची बाजू दुबळी होते ती कापलेल्या पत्र्यापाशी. चाक चार नट सोडले की निघतं आणि गाडी पूर्वीसारखी होते. मडगार्डची कड कापली, वर फायबर चढवलं, म्हणजे बॉडीच बदलली, आणि तिला ‘रचना’ नाही असं म्हणणं मलाही जमणार नाही. वर टायर घासतोय, म्हणजे गाडी रस्त्यावर धोकादायक आहे असं इन्स्पेक्टर लिहू शकतो. कलम ५३ खाली नोंदणी निलंबित करायला तेवढं पुरतं. आज आहे तशी गाडी पासिंगला नेऊ नका.

दुसरं नुकसान कदाचित तुमच्या लक्षातही आलेलं नसेल. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली बिगर-व्यावसायिक दुचाकी-चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. तुमची गाडी वयानं बसते. पण अट अशी, की ती मूळ रूपात हवी; चासी, बॉडीशेल किंवा इंजिनात फेरफार नको. म्हणजे त्या गॅरेजनं कटरच्या एका फेरीत हाही दरवाजा तुमच्यासाठी बंद करून ठेवलाय. (व्हिंटेज नोंदणीत रोजचा वापर चालत नाही, रॅली, प्रदर्शन, इंधन, देखभाल एवढंच. दर रविवारी गंगापूर धरणापर्यंत चक्कर मारायची असेल, तर साधी नोंदणीच बरी.)

म्हणून माझा सल्ला : कड पुन्हा जोडून घ्या. पत्र्याचं काम येणाऱ्या जुन्या डेंटरकडून, वेल्डिंग करून. पुट्टी थापून नव्हे. चाकं मूळची लावा. मग फॉर्म २५ वर नूतनीकरणाचा अर्ज करा. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत तो करता येतो, म्हणजे डेंटिंगला वेळ आहे. नूतनीकरण पाच वर्षांचं होतं, आणि पर्यावरण कर भरल्याची पावती सोबत हवी.

पण थांबा. हे करण्याआधी पुरावा गोळा करा, नाहीतर गॅरेजविरुद्धची केस तुम्ही स्वतःच्या हातानं पुसून टाकाल. रिमच्या मागच्या बाजूला रुंदी आणि ‘ईटी’ म्हणजे ऑफसेटचा (रिम जिथे गाडीला टेकते ती जागा तिच्या मध्यरेषेपासून किती दूर, याचा) आकडा कोरलेला असतो. त्याचा फोटो घ्या. सगळी मेख त्या आकड्यात आहे. रिम दोन इंच रुंद झाली, की मध्यरेषा तिथेच ठेवली तरी तिची कड दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटर सरकते. ऑफसेट चुकला, तर सगळी वाढ बाहेरच्या बाजूला, थेट मडगार्डखाली येते. त्यात एमजीबीचा मागचा अ‍ॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर बसलेला अखंड दांडा. वळणावर तो किंचित आडवा सरकतो, आणि वजन पडलं की वर येतो. लिफ्टवर टांगलेल्या गाडीला चाक मोकळं फिरतंय, हे पाहून कुणी काम पास केलं असेल, तर तो निष्काळजीपणा. जाणकारानं दोन माणसं बसवून, पाट्या दाबून मोजायला हवं होतं. एखाद्या स्वतंत्र सर्व्हेअरकडून किंवा ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून गाडी आहे त्या स्थितीत तपासून लेखी अहवाल घ्या. चिरलेला टायर भंगारात देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज ज्या फोनवर आहेत, तो फोन जपा; इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडता येईल.

मग वकिलामार्फत नोटीस, आणि दाद नाही मिळाली तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतील त्रुटीची तक्रार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही; मुदत दोन वर्षांची. मागा काय? दिलेले पैसे, कड पूर्ववत करण्याचा खर्च, टायर, मनस्ताप. एक अडचण आधीच सांगतो : जॉब कार्डवर ‘गरजेप्रमाणे बॉडीकाम’ असं लिहून तुमची सही घेतलेली असेल, तर ‘मला न विचारता कापलं’ हा मुद्दा गेला. तो ओढत बसू नका. सांगून कापलं तरी चाक बसलं नाही, हा मुद्दा त्याहून भक्कम आहे. आणि वाहनांच्या व्यवसायात असलेल्या माणसानं हा बदल आरसीच्या आड येतो हे ग्राहकाला सांगायला हवं होतं, हेही जोडा.

विम्याच्या कंपनीला बदल कळवला होता का? नसेल, तर मधल्या काळात गाडी बाहेर काढू नका. तिसऱ्या पक्षाच्या भरपाईतून सुटण्याची कारणं कंपनीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये मोजकीच दिलेली आहेत. पण तुमच्या स्वतःच्या गाडीचा क्लेम लपवलेल्या बदलाच्या नावाखाली सहज अडकतो.

राहता राहिलं चलान. त्यावर कलम कोणतं छापलंय ते नीट वाचा. १७७ असेल, तर पहिल्या वेळेचे ५०० रुपये भरून मोकळे व्हा. १८२अ असेल आणि कापलेलं मडगार्ड त्यांच्या फोटोत दिसत असेल, तर कोर्टात लढून हाती फार लागणार नाही. तडजोड शुल्क भरा, पावती ठेवा आणि ती रक्कम गॅरेजवरच्या दाव्यात धरा. फोटोत फक्त चाकं दिसत असतील, तर भरू नका. चलानाची प्रत आणि आरसीची दोन्ही बाजूंची झेरॉक्स मला पाठवा.